शेवटची फेरी किती वाजता?

आमच्या खाडीवरची शेवटची फेरीबोट किती वाजता सुटते, हे विचारणारा कोण आहे त्यावर ठरतं. बायकोच्या माहेरचं माणूस असेल, तर ती खरी वेळ सांगते आणि वर "नाहीच मिळाली तर राहा की, हे घर परकं आहे का?" असंही म्हणते. माझ्याकडचं माणूस असेल, तर तीच बोट पाऊण तास आधी सुटते. विमा एजंट ओटीवर चढला की ती सुटायच्याच बेतात असते. पळालात तर मिळेल. आणि देवळाच्या वर्गणीवाल्यांसाठी तर ती आमच्या बाजूला आज यायचीच नसते.

भूगोल थोडक्यात सांगतो. वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे खाडीच्या एका काठाला दाभोळ आणि दुसऱ्या काठाला आमचं धोपावे. जिल्हा एकच, रत्नागिरी. पण दाभोळ दापोली तालुक्यात आणि आम्ही गुहागर तालुक्यात. मधलं पाणी फेरीबोट इतक्यात ओलांडते की शेंगदाण्याची पुडीदेखील पुरी संपत नाही. तेच रस्त्यानं जायचं म्हटलं तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभरावर किलोमीटरचा वळसा पडतो. समोरच्यावर रागावून कुणी रस्त्यानं निघालाच, तर राग खेडला उतरतो, चिपळूणला भूक लागते, आणि भांडायला येऊन पोचलेला माणूस आधी पाणी मागतो. २००३ साली गाड्या नेणारी बोट सुरू झाली आणि राग निवायची ही सोय संपली. आता माणसं ताज्या रागानिशी येतात.

दाभोळचं आणि आमचं नातं थोडं नाजूक आहे. नव्वदच्या दशकात एन्रॉनचा वीज प्रकल्प आला. कंपनीचं नाव दाभोळ पॉवर कंपनी, प्रकल्प मात्र आमच्या काठाला, अंजनवेल-वेलदूरकडे. दाभोळचं नाव अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत छापून आलं. मोर्चे, लाठ्या आणि धूळ गुहागर तालुक्याच्या वाट्याला आली. अजूनही प्रकल्प बघायला म्हणून दाभोळात उतरणारा एखादा गृहस्थ निघतो. दाभोळकर त्याला पलीकडे बोट दाखवतात आणि मग बोटीत बसवतात. तो आमच्याकडे उतरून "हे दाभोळ ना?" म्हणून विचारतो. आम्ही काय सांगणार? "हो, पण ते तिकडे आहे."

माझी सासुरवाडी दाभोळात आहे. सासुरवाडी असावी तर अशी: दिव्यासकट दिसते, पण ऐकू येत नाही. लग्नाच्या वेळी आमच्या घरच्यांनी पत्रिका बघितली नव्हती, फक्त बोटीचं वेळापत्रक बघितलं होतं. "मुलगी रागावून माहेरी गेली तरी शेवटच्या फेरीनंतर जाणार नाही, आणि सकाळच्या पहिल्या फेरीपर्यंत कुणाचाही राग टिकत नाही," हा त्यांचा हिशोब. हिशोब चांगला होता. त्यात मोबाइल फोन धरलेला नव्हता, एवढंच.

मराठी माणसाचा आग्रह किती खरा आणि किती तोंडदेखला, हे इतर ठिकाणी कधी कळत नाही. आमच्याकडे कळतं. पाहुणा दुपारी जेवून उठला की यजमान सुरुवात करतो, "आज राहायचंच." पाहुणा म्हणतो, "छे छे, बोट आहे." यजमान म्हणतो, "बोट काय, उद्याही आहे." चारच्या सुमाराला बोटीचा भोंगा होतो. "गेली एक. आता राहाच!" पाच वाजता आवाज चढतो. संध्याकाळी घरातल्या लहान मुलांना पाहुण्याची चप्पल लपवायला सांगितलं जातं. मुलं ती इतकी चांगली लपवतात की पुढे ती खरोखरच लागते तेव्हा कुणालाच सापडत नाही. शेवटच्या आधीची फेरी सुटते त्या क्षणी आग्रह टिपेला पोचलेला असतो. यजमान पाहुण्याची पिशवी हातातून ओढून घेतो, बायको दारात आडवी उभी राहते, म्हातारी माणसं शपथा घालतात.

आणि मग आता एकच फेरी उरली आहे हे सगळ्यांच्या एकदम लक्षात येतं.

घरात शांतता पसरते. यजमान घड्याळाकडे बघतो. हळूच पिशवी परत देतो. "तसं तुम्हाला सकाळी कामं असतील, नाही?" पाहुणाही जाणता असतो. तो म्हणतो, "हो ना, नाहीतर राहिलोच असतो." चप्पल शोधायला आता यजमान स्वतः माडाच्या आळ्यात वाकतो. धक्क्यापर्यंत सोडायला घरातली सगळी मंडळी येतात. लोकांना तो जिव्हाळा वाटतो. पाहुणा खरोखर चढला की नाही, हे बघायला ती आलेली असतात.

हा सगळा खेळ दोन्ही बाजूंना ठाऊक असतो म्हणून चालतो. पण माझे एक मामा आहेत, दापोलीला असतात, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलं आणि मुलं बोलतात असं धरून चालले. एका मे महिन्यात ते आमच्याकडे आले. मी रीतीप्रमाणे शेवटच्या आधीच्या फेरीला म्हणालो, "मामा, आज राहायचंच."

मामा म्हणाले, "बरं. तू एवढा म्हणतोस तर राहतो."

स्वयंपाकघरातून कालथा पडल्याचा आवाज आला. पडला की ठेवला, हे मी आत जाऊन विचारलं नाही.

मामा राहिले. रात्री पंखा नको म्हणाले, मग उकडतं म्हणाले, मग पंखा वाजतो म्हणाले. सकाळी निघतो म्हणाले, तर माझ्या तोंडून "घावने खाऊन जा" असं निघून गेलं. घावने झाले तर जेवणाची वेळ झाली होती, आणि जेवणाच्या वेळी उपाशी कसं पाठवायचं? जेवले तर वामकुक्षी. वामकुक्षीनंतर चहा. चहाच्या वेळी शेजारचे आप्पा आले आणि त्यांना मामांच्या वर्गातला एक मुलगा ओळखीचा निघाला. दिवस मावळला. मी आग्रह करायचा नाही असं मनाशी पक्कं ठरवून गप्प बसलो, तर मामाच म्हणाले, "आज काही बोलत नाहीस. काल एवढा म्हणत होतास, तुझं मन मोडवत नाही. राहतो."

अखेर एका दुपारी बायकोनं त्यांच्यासाठी रिक्षाच बोलावली आणि रिक्षात त्यांच्या आधी एक फणस ठेवला. फणसाबद्दल शहरातल्या वाचकांचा एक गैरसमज असतो. मे महिन्यात कोकणात फणस भेट देत नाहीत, खपवतात. प्रत्येक घराच्या मागे पाच-पंचवीस लटकलेले असतात, पिकले की वास गावभर जातो, आणि ज्याच्या हातात आपण फणस ठेवतो त्याच्या परसात आपल्यापेक्षा जास्त असतात. पण नाही म्हणायची पद्धत नाही.

मामा बोटीवर चढले. आम्ही धक्क्यावरून हात हलवले, जरा जास्तच उत्साहानं. घरी आलो तर टेबलावर मामांचा चष्मा.

तो घेऊन मी पुढच्या फेरीनं दाभोळला गेलो. मामा माझ्या सासुरवाडीत टेकले होते. वाटेत पडतं म्हणून चहाला थांबतो म्हणाले होते. चष्मा दिला. निघणार तोच मेहुणे म्हणाले, "भावोजी, आता आलाच आहात तर आज राहायचंच!"

हा आग्रह कुठल्या जातीचा हे मला कळायला हवं होतं. मी त्या आग्रहातला जुना उस्ताद. पण सासूबाईंनी कोळंबीचं कालवण केलं होतं, आणि कोळंबीपुढे माणसाचं ज्ञान टिकत नाही. मामा गेले, गप्पा वाढल्या, आणि खाडीवर शेवटचा भोंगा झाला तेव्हा माझा हात ताटातच होता. मेहुण्यांच्या चेहऱ्यावर मी तो भाव पहिल्यांदा बाहेरून बघितला. रात्री भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला, "गादी माळ्यावर आहे, आणि तुम्हीच चढा आता."

सकाळी निघताना सासूबाईंनी माझ्या हातात फणस ठेवला. देठाजवळ कोयत्यानं मारलेली फुली होती. आमच्या गड्याची ती खूण मी कुठेही ओळखतो. मामांनी सासुरवाडीत खपवलेला माझाच फणस मी तिकीट काढून घरी आणला. बायकोनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं नाही, फणसाकडे बघितलं, आणि म्हणाली, "परत आला?" हे ती कुणाला म्हणाली ते मी अजून विचारलेलं नाही.

बोटीवर कुणाचं काही गुपित राहू शकत नाही, हा आणखी एक जाच. गाडीत बसून काचा वर केल्या तरी उपयोग नसतो. खलाशी येऊन काचेवर टकटक करतो, "काय, आज इस्त्रीचा शर्ट?" पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही एकदा अगदी गुपचूप निघालो होतो. गुपचूप म्हणजे दोन गाड्या, आठ माणसं, एक पेढ्यांचा पुडा. बोटीवर एका मासेवालीनं टोपली खाली ठेवत विचारलं, "कुणाची बघायला?" वहिनी म्हणाल्या, "छे हो, चंडिकेच्या दर्शनाला." दाभोळची चंडिका गुहेत आहे, स्थान जागृत आहे, आणि तालुक्यात लग्न जमवायला जाणारे सगळे आपण तिच्याच दर्शनाला चाललोय असं सांगतात. मासेवाली नुसती हसली. बोट अजून पाण्यात होती तोवर तिनं मुलाची उंची, नोकरी आणि डोक्यावरचे विरळ केस यांचा अहवाल फोनवर देऊन टाकला. आम्ही मुलीच्या घरी पोचलो तेव्हा मुलीच्या आजीनं पहिला प्रश्न केला, "टोपी काढा बघू."

मे महिना, गणपती आणि नाताळचा आठवडा यांत मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग धक्क्यापासून पार वर रस्त्यापर्यंत लागते. पुण्याच्या माणसाला रांग समजते, पण पाणी समजत नाही. कधी गाडी उलटी बोटीवर चढवावी लागते, तेव्हा तर बघण्यासारखं असतं. चालक एक, मार्गदर्शक बारा. खलाशी डावीकडे म्हणतो, सासरे उजवीकडे म्हणतात, बायको "मी उतरते" म्हणते, मागून एक अनोळखी गृहस्थ "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या" एवढंच म्हणत राहतात. कुठवर येऊ द्यायचं ते त्यांनाही माहीत नसतं. ओहोटीला धक्क्याचा उतार लांब उघडा पडतो, त्यावर हिरवं शेवाळ. त्या उतारावर स्वतःच्या पायांनी रुबाबात चालत येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. येतात सगळे रुबाबात, पोचतात बसून. मी इथलाच, जन्मापासूनचा. तरीही पाहुण्यांना "इथे जपून हं, घसरतं" असं वळून सांगताना मी जितका सफाईनं घसरतो तितकं कुणीच घसरत नाही. खलाशी आता मला बघितलं की आधीच हात पुढे करतो.

आमच्या शेजारच्या आप्पांना बोटीचं वेळापत्रक मान्य नाही. त्यांचं काम पंचांगावर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: दशमी असेल तर साडेसात, अष्टमी असेल तर सहा. होडीच्या काळात हे शास्त्र लागायचंच, कारण ओहोटीला होडी चिखलात रुतायची आणि नवरीसकट वऱ्हाड गुडघाभर गाळातून चालवत आणायचं. आता बोटीला इंजिन आहे, पण आप्पांनी शास्त्र सोडलेलं नाही. तुम्ही विचारलंत, "आप्पा, शेवटची फेरी किती वाजता?" तर ते विचारतात, "आज तिथी काय?" मग बोटांवर मोजतात, आकाशाकडे बघतात, उत्तर पूर्ण बरोबर देतात, आणि तोवर फेरी गेलेली असते.

एका लग्नात मात्र बोटीनं आमची खरी गंमत केली. मुहूर्त जवळ आला, भटजींनी अक्षता वाटल्या, नवरीला बोहल्यावर आणायला मामा पाहिजे, आणि तिचे मामा दाभोळच्या धक्क्यावर. पुढे दोन चिऱ्यांचे ट्रक, एक टेम्पो, म्हणून त्यांच्या गाडीचा नंबर लागला नव्हता. कार्यालयाच्या गच्चीवरून पलीकडचा धक्का दिसतो. मामा फोनवर सांगत होते, "मी दिसतोय का? पांढरा फेटा! हात करतोय बघा!" सगळं वऱ्हाड गच्चीवर जाऊन हात हलवायला लागलं. भटजी खाली एकटेच. कुणीतरी म्हणालं, "अहो, माणूस गाडी सोडून चालत चढला तर?" ही कल्पना मामांना सुचली नव्हती, कारण गाडी नवी होती आणि ती दाखवायलाच ते आले होते. शेवटी एक मानलेले मामा उभे केले, मंगलाष्टकं झाली, आणि खरे मामा पोचले तेव्हा पंगत ताकावर आली होती. त्यानंतर वर्षभर दोन्ही मामांमध्ये आहेर कुणाचा यावरून अबोला होता.

वेळापत्रक असूनही हे सगळं होतं, मग ज्या काळी वेळापत्रकच नव्हतं तेव्हा पाहुणे काय करत असतील? दाभोळ हे तेव्हाचं मोठं बंदर. इथून जहाजं थेट होर्मुझला जायची. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौलला उतरला, घोडा विकायला म्हणून हिंदुस्थानात आला, बीदरला गेला आणि काही वर्षं इथेच फिरत राहिला. मग परतायचं जहाज त्यानं धरलं ते दाभोळहून. कुणी म्हणेल, त्याला देश बघायचा होता. मला त्यात वेगळंच दिसतं. कुणीतरी त्याला "आता आलाच आहात तर राहा" म्हणालं असणार, आणि त्यानं ते खरं मानलं असणार. आमच्या हेडमास्तर मामांचा तो पूर्वज म्हणायला हरकत नाही.

जाता जाता बोट सुटायच्या वेळी काय होतं तेही सांगून टाकतो. सुटायच्या घटकेला एक बाई नेमकी येते, एक पाय बोटीच्या फळीवर आणि एक धक्क्यावर ठेवते, आणि वर रस्त्याकडे तोंड करून ओरडते, "अहो, चला ना!" वर टपरीवर तिचे अहो शांतपणे चहात बिस्किट बुडवत असतात. बाईचा पाय तिथे आहे तोवर बोट हलू शकत नाही. बोटीतले सगळे चिडतात, "किती वेळ थांबायचं?" अहो येतात, चढतात, आणि चढल्या चढल्या घड्याळ बघून तांडेलाला म्हणतात, "काय हो, वेळेवर सोडत जा की जरा!" हे गृहस्थ नेहमी वेगळे असतात. एकदा मीही होतो, पण माझा चहा खरोखरच गरम होता.

आता ऐकतो की रेवस-रेडी सागरी महामार्गावर इथेही पूल होणार. मी लहान होतो तेव्हापासून हा महामार्ग होणार आहे. बॅ. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून शेजारचे आप्पा त्या पुलावरून जायला धोतर धुऊन ठेवताहेत. पण यावेळी तो होईल असं म्हणतात, आणि घराघरात काळजीचं वातावरण आहे. पुलाला शेवटची फेरी नसते. पाहुणा रात्री अकराला उठून जाऊ शकतो, म्हणजेच तो रात्री अकरापर्यंत बसू शकतो. सासुरवाडी रात्री दोनलाही येऊ शकेल. आग्रह मनातून करायचा की नाही, हे प्रत्येकाला स्वतः ठरवावं लागेल, आणि तशी सवय आमच्यापैकी कुणालाच नाही.

पूल व्हायलाच हवा. रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं असेल तर बोटीची वाट बघण्यात काही विनोद नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून पूल बांधणाऱ्या अधिकाऱ्यांना एवढीच विनंती आहे. पूल बांधा, लवकर बांधा, रुंद बांधा. फक्त आमच्या टोकाला एक लोखंडी फाटक बसवा. ते रात्री बंद केलं नाही तरी चालेल, नुसतं दिसलं पाहिजे. किती वाजता बंद होतं ते पाहुण्यांना आम्ही सांगू.